शब्द कुणाकडून ऐकला

बेलापुरात कालव्याच्या काठी बन्सीचं चहाचं हॉटेल आहे. समोर कडुनिंबाखाली दोन सपाट दगड. एकावर सकाळी सकाळी ऊन येतं, दुसरा दुपारपर्यंत सावलीत असतो. सावलीतल्या दगडावर बाबाजान सर बसायचे. उन्हातला दगड पेरूवाल्या गोजरबाईचा, आणि त्यावर टेकायची गावात कुणाची छाती नव्हती.

सरांनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते इथं चहाबरोबर शब्द वाटू लागले. तेही खुद्द इंग्रजांनी अडगळीत टाकलेले. नियम एकच. शब्द वापरायचा तर तो कुणाकडून ऐकला ते सांगायचं. त्यानं कुणाकडून ऐकला, तेही. पैगंबरांची हदीस सांगताना सांगणाऱ्यांची नावं ओळीनं घेतात, तसं थेट सरांपर्यंत पोचायचं. शब्दाचं मूळ म्हणजे दुसरं काय, सर म्हणत. कुणाचं तरी तोंड.

म्हणून 'गाँगूझलर' हा शब्द आज विलायतेपेक्षा बेलापुरात जास्त चालत असेल. कालव्याच्या पाण्याकडे रिकामटेकडं बघत बसणारा, तो गाँगूझलर. टक लावून बघण्याला तिकडच्या जुन्या बोलीत दोन शब्द होते, त्यांचा हा जोड असावा. आवर्तन सुटून कालवा भरून वाहू लागला की अर्धं गाव गाँगूझलर होतं आणि बन्सीचा स्टोव्ह विझत नाही.

सरांची एकुलती एक मुलगी उझ्मा केडगावला राहायची, नगरच्या एका कॉलेजात शिकवायची. दर शुक्रवारी अब्बांचा फोन यायचा. प्रत्येक शब्द आधी तिला, मग गावाला. शेवटच्या फोनवर मात्र त्यांनी हात आखडता घेतला. म्हणाले, "एक सापडलाय. इथं रोज सकाळी असतो, आणि आपल्याकडे त्याला नाव नाही. फोनवर नाही देणार. तुला तो अंगावर घ्यावा लागेल."

पुढच्या शुक्रवारी फोन आला तो शेजाऱ्यांचा.

दफनाला ती आली आणि परत गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी तिनं जाडजूड कोश उपसले. चष्मा, टोपी, काठी, अब्बांचं सगळं मागं राहिलं होतं. तो एक शब्द तेवढा ते बरोबर घेऊन गेले होते.

डिसेंबरात ती घर आवरायला आली आणि चहाला बन्सीकडे गेली. साळूबाई, बन्सीची बायको, भजी तळत होती. बन्सी झाऱ्याकडे डोळे लावून उभा. साळूबाईनं एक भजं त्याच्या हातावर ठेवलं. "घ्या. कवाधरनं ग्रोक करताय."

उझ्माला हसू फुटलं. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा. खाणाऱ्याकडे आशेनं बघत राहणं म्हणजे ग्रोक. शब्द मूळचा स्कॉटलंडचा, तिनं कोशात वाचलेला. हसता हसता ती थांबली. अब्बांनी हा शब्द तिला कधीच दिला नव्हता.

तिनं बन्सीला विचारलं. त्यानं नियमाप्रमाणे ओळ म्हटली. "मी साळूकडून. साळूनं गोजरबाईकडून. गोजरबाईनं सरांच्या उझ्माकडून."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण बन्सी भजं चावत शांतपणे म्हणाला, "मागल्या आठवड्यातच की, ताई."

मागल्या आठवड्यात ती नगरला परीक्षेच्या वर्गावर देखरेख करत होती.

संध्याकाळी शेजारची रेश्मा कोंबड्या डालत होती. म्हणाली, कॉकशट झाली. कोंबड्या कोंडायची वेळ, तिन्हीसांज. हाही शब्द नवा. उझ्मानं न राहवून ओळ विचारली. तीही गोजरबाईवरून उझ्मापाशीच येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कडुनिंबाखाली गेली. गोजरबाई पेरू पुसून पाटीत मांडत होती. अळी पडलेला पेरू लांबून ओळखणारी बाई. नजरेत खोट नव्हती.

"हे शब्द तुम्हाला कुणी दिले, मावशी?"

"तूच की. रोज येती, सरांच्या दगडावर बसती. बापागत आदी खाकरती, मग सांगती."

"मी कालच आलेय."

"मग मी काय खुळी हाय?" गोजरबाई चिडली नाही. उझ्माकडे बघून ती जरा सरकली आणि आजवर कुणालाही न दिलेली जागा तिनं हातानं झाडली. "बस. गारठलीस."

उझ्मा बसली.

ऊन आधी पाठीवर आलं, मग मानेवर. कालवा भरून वाहत होता. गारठा हाडांतून हळूहळू उतरला. कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती खाकरली. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"अॅप्रिसिटी."

शब्द तिनं कुठं वाचला नव्हता. तरी अर्थ सरळ ओठांवर आला. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. लॅटिनमध्ये उन्हात न्हालेल्या जागेला जो शब्द आहे, त्याच्यापासून आलेला. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी कोशात टिपला, पुढं फारसा कुणी वापरलाच नाही.

ती हसत होती. डोळे वाहत होते तरी हसत होती. हाच तो.

हॉटेलातून बन्सीनं तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. "उझ्माताईकडून," त्यानं साळूबाईला सांगितलं.

"आन् उझ्मानं कुणाकडनं?" गोजरबाईनं पेरू पुसत विचारलं. नियम तो नियम.

उत्तर द्यायला उझ्मा वळली. टेकू म्हणून तिनं शेजारच्या दगडावर हात ठेवला.

त्याच्यावर अजून सावली होती. भोवतालच्या गवतावर दव तसंच होतं.

दगड ऊबदार होता. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.