खिळ्यावरचं घड्याळ

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. माझ्या मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या बाबतीत हे घडलं. निम्मं मावशीने डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं काकांनी तिला सांगितलं. तुमचा विश्वास बसला नाही तर उत्तमच. निदान झोप तरी लागेल.

काका तेलाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. नुकतेच बदलून आलेले. मनगटी घड्याळं दुरुस्त करायचा त्यांना भारी नाद. पाहुणा आला की ते आधी त्याच्या मनगटाकडे बघत, मग तोंडाकडे.

"माझ्याशी लग्न केलं ते माझ्या घड्याळासाठी," असं मावशी चारचौघांत म्हणायची.

त्या दिवशी दुपार कलताना काका टाक्यांच्या बाजूने चालले होते. रिकाम्या टाकीशेजारी भिंतीत एक खिळा. खिळ्याला घड्याळ लटकलेलं.

काच आतून धुरकट. काटेसुद्धा दिसेनात.

कुणीतरी विसरलं असणार, असं काकांना वाटलं. त्यांचे हात शिवशिवले. घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. सुकवू, उद्या ज्याचं त्याला देऊ.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मागचं झाकण उघडलं. दिव्याच्या उबेत वाफ गेली. काच लख्ख झाली.

झाकण लावलं...

काच पुन्हा धुरकट.

"चहा गार होतोय," मावशी म्हणाली.

"थांब गं. पाणी कुठून येतंय तेच कळत नाही. आत तर कोरडं ठणठणीत आहे."

त्यांनी पुन्हा उघडलं, पुसलं, लावलं. मावशी वाकून बघू लागली. काचेवर मधोमध वाफेचा एक गोल उठला. विरला. पुन्हा उठला...

थंडीत खिडकीच्या काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा, तसा.

"अहो, हे बरं दिसत नाही. ठेवून द्या ते."

काका हसले. "रिंग सैल झालीय, दुसरं काय!"

वाफ आता भराभर येऊ लागली होती. एकावर एक. काकांनी डब्यातून नवी रबराची रिंग काढली, ग्रीस लावून बसवली आणि झाकण दाबून घट्ट आवळलं.

एक गोल उठला. अर्धाच.

मग काहीच नाही.

"बघ! आता हवासुद्धा शिरायची नाही," काका म्हणाले. त्यांनी गार चहा मिटक्या मारत प्यायला.

सकाळी कारखान्याच्या फाटकात गर्दी. टाक्या धुणारा लंबू घरी पोचला नव्हता. त्याची बायको फिटरसमोर उभी होती.

"डबल पाळी असेल म्हणून मी वाट बघत बसले," ती म्हणत होती. "टाकीत तर नाही ना राहिले?"

"नाही हो वहिनी! आत उतरणारा माणूस आपलं घड्याळ खिळ्याला लावून उतरतो. आमच्या टाकीवाल्यांचा नियमच आहे. खिळा रिकामा होता, मी स्वतः बघितला. म्हणून तर झाकण लावून बोल्ट आवळले."

काकांचा हात खिशाकडे गेला. घड्याळ त्यांच्या खिशात होतं.

घड्याळाचं नाव न काढता ते एवढंच म्हणाले, "एकदा टाकी उघडून तरी बघा."

लंबू झाकणाच्या अगदी खाली, शिडीला धरून बसलेला सापडला. तोंड वर केलेलं. ओठ झाकणाच्या फटीला लावलेले...

डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच गेला. फिटरला काही ते पटेना. एवढी मोठी टाकी, एकटा माणूस... हवा सकाळपर्यंत सहज पुरायला हवी होती. पंपाच्या आवाजात त्याची हाक ऐकू आली नसेल, पण दम कोंडला कसा?

त्या धावपळीत काकांनी घड्याळ हळूच खिळ्याखाली टाकलं. पडलं असेल सुटून, असं सगळ्यांनीच मानलं. कारखान्याने सगळे खिळे बदलले.

घड्याळ हातात घेऊन लंबूची बायको लख्ख काचेकडे बघतच राहिली.

"किती दिवस मागे लागले होते, दुरुस्त करून घ्या म्हणून. करून घेतलं आणि मला सांगितलंही नाही."

तेव्हा मात्र काका रडले. माणूस किती हळवा आहे, असं लोक म्हणाले.

महिन्याभराने ती काकांच्या दारात आली. घड्याळांचा नाद असलेले साहेब म्हणून कुणीतरी पत्ता दिला होता.

"रोज संध्याकाळी काच धुरकट होते, साहेब. आतून. मागचं झाकण उघडून बघता का? इतकं घट्ट बसलंय, मला निघत नाही."

काकांनी घड्याळ हातात घेतलं. काचेवर गोल उठत होता... भराभर. एकावर एक.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. घड्याळ अजून काकांच्या टेबलावर आहे. ते उघडतही नाहीत, परतही देत नाहीत. उघडलं आणि आत काहीच उरलं नाही तर, या भीतीने त्यांचा हात धजत नाही.

ती अधूनमधून येते. दारातूनच विचारते, "उघडलंत का हो?"

काका म्हणतात, "उद्या."