ड्राइव्हवेवरचं गरम पाणी

खोटं वाटणार असेल तर इथेच थांबा. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारात घडलंय. अमेरिकेत, रेडमंडला, याच जानेवारीत. मी तिथे होते.

आश्लेषाताईचं घर उतारावर आहे. एरवी तिथे नुसता पाऊस, पण थंडीत काही दिवस सगळं गोठतं. अशा सकाळी सिद्धेशजिजू काय करायचे? पातेलंभर उकळतं पाणी दारापासून रस्त्यापर्यंतच्या ड्राइव्हवेवर ओतायचे. नागपूरला अंगण धुतात तसं.

समोरच्या शुभाकाकू, रिटायर्ड डॉक्टर. त्या किती वेळा म्हणाल्या, "अरे, पाणी नको. मीठ टाक, वाळू टाक. तुझं पाणी खाली रस्त्यावर जाऊन गोठतं. कोणीतरी पडेल."

"दोन मिनिटांत साफ होतं काकू. टेन्शन नका घेऊ."

मागच्या थंडीत काकूच पडल्या. जिजूंच्या दारासमोर, त्याच बर्फावर.

पुन्हा उठल्या नाहीत.

ताई तेव्हा पुण्याला होती. जिजूंनी घाईघाईने मीठ टाकून बर्फ घालवला आणि तोंड शिवून बसले. काकूंचे मिस्टर, चंद्रशेखरकाका, भेटेल त्याला रडून सांगायचे, "बूट मी आणले होते रे. मीच मारलं तिला."

आणि जिजू त्यांना काय म्हणाले? "हो काका, ते बूट घसरतातच."

काय माणूस आहे हा! पण हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं.

यंदा मी ताईकडे गेले होते. सकाळी चहा घेत होतो आणि बाहेर आवाज आला...

पाणी ओतल्याचा.

दार उघडलं. कोणी नाही.

दारापासून रस्त्यापर्यंत एक ओला पट्टा. वाफाळणारा... आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला.

जिजूंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी मिठाची अख्खी पिशवी रिकामी केली. बर्फ वितळला. आम्ही आत आलो.

पुन्हा तोच आवाज...

असं आठवडाभर चाललं. शेजारच्या सगळ्यांचे ड्राइव्हवे कोरडे. बर्फ फक्त आमच्याकडे.

मग एक दिवस ताई बस पकडायला निघाली. मी खिडकीतून बघत होते. ती मिठावरून, जपून चालत होती. एकदम थांबली. खाली पायाकडे बघितलं... आणि कोणीतरी पाय ओढावेत तशी आपटली.

मनगट मोडलं. डोकं दगडापासून वीतभर लांब.

"कोणीतरी पायावर पाणी ओतलं गं," ती कण्हत म्हणाली. "उकळतं."

मी बूट काढला. मोजा कोरडा ठणठणीत.

आत पाय भाजून फोड आले होते.

तेव्हा जिजू सगळं बोलून गेले. माझं डोकंच फिरलं. ताईला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्यांचा दंड धरून मी त्यांना रस्त्यावर नेलं. "आत्ताच्या आत्ता काकांना सांगायचं. माफी मागायची."

काका रस्त्यावरच होते. बादलीतली वाळू मुठीने टाकत होते. काकू गेल्यापासून सगळ्या गल्लीचा रस्ता तेच सांभाळतात. त्या दिवशीही सगळ्या घरांपुढे वाळू होती.

आमच्या घरापुढे नव्हती.

जिजूंनी हात जोडले. "काका, बुटांचा दोष नव्हता. माझं पाणी होतं. मला शिक्षा करा, पण आश्लेषाला..."

काकांनी बादली खाली ठेवली.

"माहीत आहे. शुभाने सांगितलं मला. फार चिडली होती, तुलाच घेऊन जाणार होती."

मग जिजूंच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाले...

"मीच तिला म्हटलं, त्याला राहू दे. त्यालाही कळू दे, बायकोशिवाय घर कसं असतं ते."

त्याच दिवशी मी ताईला सांता क्लाराला माझ्याकडे घेऊन आले. इथे बर्फ पडत नाही.

पण आता ती बाहेर निघाली की तिच्या पुढे मी निघते. जमिनीला हात लावून बघते...

कालपासून पायरी कोमट लागतेय.