तिसरी गिरकी

रिदमिक जिमनॅस्टिक्सला उंच छत लागतं, निदान आठ मीटर. कारण चेंडू, रिंग, रिबन सगळं वर फेकून झेलायचं असतं. बारामतीत तेवढ्या उंचीचा हॉल मिळायचा तो बॅडमिंटनवाले येईपर्यंत, म्हणजे पहाटे. सिमरन भवानीनगरची. तिचे वडील मुबीनभाई यांचं तिथं पंक्चरचं दुकान. पोरीला मोटारसायकलवर बारामतीला सोडायचं, परत नेऊन शाळेत घालायचं आणि मग शटर उघडायचं, हे त्यांनी चार वर्षं केलं. पाचव्या वर्षी, साखर कारखान्याचं गाळप संपून साखर उचलली गेल्यावर, त्यांनीच लासुर्णे रस्त्यावरचं एका व्यापाऱ्याचं रिकामं गोदाम मिळवून दिलं. वर पत्रा, खाली गुळगुळीत कोबा, उंची नऊ मीटर. सिमरनच्या प्रशिक्षक मोना मॅडमनी जळोचीहून टेम्पोत घालून जुनं कार्पेट आणलं आणि अंथरलं.

मोना मॅडम म्हणजे सगळं मोजून बघणारी बाई. सिमरनची ताश्कंदच्या आशियाई कनिष्ठ स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा त्यांनी आनंद करायच्या आधी बेरीज केली. अंतिम फेरीत आठ जणी जाणार. सिमरन अर्ध्या गुणानं कमी पडत होती. फायनल गाठली तर वर्षभराच्या परदेशी शिबिरात तिचं नाव पक्कं. नाही गाठली तर कनिष्ठ गटाचं वय संपणार आणि पुढं कोणी विचारणार नाही. अर्धा गुण मिळण्यासारखी जागा एकच होती. चेंडू वर असताना सिमरन दोन गिरक्या घ्यायची आणि न बघता पाठीमागं झेलायची. त्या तीन कराव्या लागणार होत्या.

मॅडमनी स्टॉपवॉच काढलं. चेंडू छताचा पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैचीच्या जरा खालपर्यंत जायचा, हातापासून सहा मीटर. तेवढं वर जाऊन परत यायला दोन सेकंद आणि वर थोडंसं लागतं. तीन गिरक्यांना तीन सेकंद हवेत.

सिमरनच्या चेंडूला तीन लागले.

मॅडमनी पुन्हा फेकायला लावलं. तीन. त्यांनी स्वतः फेकून बघितला. सव्वादोन. सिमरननं फेकला की तीन. तीन सेकंद लागायचे तर चेंडू पत्र्याच्याही वर जायला हवा होता. तो कैचीपाशीच थांबत होता. मोबाइलवर हळू करून बघितलं, तर वर पोचलेला चेंडू पाऊण सेकंद जागचा हलत नव्हता.

दारात राखणदार तात्याबा तंबाखू मळत उभे होते. "चेंडू सरकारी दिसतोय मॅडम," ते म्हणाले. "वर जाऊन दम खातोय."

मॅडम हसल्या. पत्रा तापतो, गरम हवा वर साठते, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. तात्याबांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून ते आत येईनात.

"पारवं गेली बघा," एकदा ते दारातूनच म्हणाले. "सा वर्सं हाकलतोय, जाईनात. तुमी आलात आन चार दिसांत सगळी गेली. घरट्यात अंडी तशीच हायेत."

मॅडमनी वर बघितलं. गोदाम खरंच शांत झालं होतं. चेंडू हातात पडल्याचा आवाज तेवढा यायचा, आणि सिमरनचा श्वास. प्रत्येक झेलानंतर सिमरन अर्धा क्षण वर बघायची. रचनेत ते नव्हतं. मॅडमनी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

महिनाभरात तिसरी गिरकी पक्की झाली. शंभरातले सत्त्याण्णव झेल. त्या आकड्यापुढं मॅडमनी एक साधी गोष्ट केली नाही: दुसऱ्या हॉलमध्ये जाऊन बघितलं नाही. वेळ नव्हता, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. खरं म्हणजे त्यांना भीती वाटली होती.

ताश्कंदच्या सराव हॉलमध्ये ती भीती पाच मिनिटांत खरी ठरली. चेंडू वर गेला आणि जसा यावा तसा आला. सिमरन अजून दुसऱ्या गिरकीत होती. तो तिच्या खांद्यावर आदळून मॅटबाहेर गेला. पाच वेळा तेच. कझाकस्तानच्या मुली बघत होत्या.

"तिसरी काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. दोनच घे, स्वच्छ झेल."

"मग फायनल न्हाय."

"पडला तर तरी कुठली फायनल? चेंडू काय तुझा मामा लागतो, तुझ्यासाठी थांबायला?"

सिमरन हसली. पायातली सपाता काढून तिनं बोटं चोळली. "जागा नवी हाय म्हणून, मॅडम. उद्या थांबंल."

"कोण थांबेल?"

सिमरननं सपाता पिशवीत घातल्या, चेन ओढली. "चेंडू," ती म्हणाली. जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर सगळ्यांत शेवटी होता. आई जरिनानं महिनाभर बसून खडे लावलेला निळा पोशाख दिव्यांखाली चमकत होता. संगीत सुरू झालं. पहिलं एक मिनिट तिनं असं केलं की मॅडम मनातल्या मनात गुण मोजायच्याच विसरल्या.

मग तिनं चेंडू फेकला.

पहिली गिरकी.

दुसरी. आता तो खांद्यावर यायला हवा होता.

आला नाही.

मॅडमनी वर बघितलं नाही. का, ते त्यांना पुढंही सांगता आलं नाही. त्या फक्त सिमरनच्या पाठीमागच्या हातांकडं बघत राहिल्या.

तिसरी गिरकी. हात उघडे. चेंडू त्यात अलगद आला, ठेवल्यासारखा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिमरननं अर्धा क्षण वर बघितलं आणि पुढची उडी घेतली.

फलकावर ती नववी आली. एका दशांशानं. तिसरी गिरकी धरलीच नव्हती. मॅडमनी त्याच मिनिटाला हरकतीचा अर्ज दिला. व्हिडिओ बघितला गेला, गुण वाढले, सिमरन सातवी झाली. बाहेर ती फोनवर ओरडत होती आणि तिकडून मुबीनभाई दुकानातल्या गिऱ्हाइकासकट ओरडत होते. "सातवी, अब्बा! फायनल!" मॅडमनी डोळे पुसले आणि सही करायला आत गेल्या.

परीक्षक बाई वयस्क होत्या. त्यांनी आपला कागद पुढं सरकवला आणि माफी मागितली: आधी चुकीची खूण केली, ती खोडताना गिरकी मोजायची राहिली. खोडलेली खूण मॅडमना वाचता आली. ती पाच जणींच्या सांघिक प्रकारातली होती. एकीनं फेकलेलं दुसरीनं घेऊन परत दिलं, की करतात ती.

मॅडमनी सही केली. पेन परत देताना बाईंनी सावकाश, मोडक्या इंग्रजीत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती दुसरी मुलगी कुठल्या देशाची?"