पाठीवर टाचणी

मालतीबाईंच्या अंगणातला पेरू कुणीतरी जाळल्यासारखा दिसत होता. कोवळे शेंडे काळे पडून वाकले होते, सुपारीएवढ्या फळांवर खरूज धरल्यासारखे डाग होते. झाड त्यांच्या नवऱ्यानं, सुपडूनानांनी लावलेलं. नाना जाऊन आठ महिने झाले होते.

"शेजारच्या वाल्मिकनंच तेजाब टाकलं," मालतीबाई म्हणाल्या. "पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कापड रंगवतो तो. फांद्या पत्र्यावर येतात म्हणून कुरकुरायचा. उद्या पोलिसांत जाते. मग खोली सोडावीच लागेल त्याला."

खासगी तपासनीस पल्लवी अहिरे झाडाभोवती फिरली. तिचा सहायक दीपक लिहीत होता : जून पानं धड. खालची तुळस हिरवी. वाल्मिकच्या भिंतीपासून लांबची, रस्त्याकडची फांदी सर्वांत काळी.

"झाडाची निगा कोण राखतं?"

"बुंध्याशी पाणी घालते मी. बाकी वर्षश्राद्धापर्यंत कुणी बोट लावायचं नाही, सांगून ठेवलंय. त्यांच्या हातचं आहे ते."

खिडकीत डालड्याचा जुना डबा होता. तळाशी साबणाची वाळकी साय, तीत चिकटलेला लाल-काळा कचरा.

"ह्यातून ते सूर्याला पाणी घालायचे. रोज पहाटे."

"डालड्याच्या डब्यातून? घरात तांब्या नव्हता?"

मालतीबाईंनी डबा खिडकीत सरळ करून ठेवला.

शेजारी वाल्मिक आपल्या खोलीच्या दारातच उभा राहिला. बोटं निळी. "मी कशाले जाळू, ताई? नानाले खांदा दिला मी. पहाटे एकेक शेंडा हातात धरून बघायचे ते, कापडाच्या ताक्यातला फॉल्ट बघावा तसा."

दोन्ही खोल्यांच्या मालकीण चंचलबेन फणकारल्या, "मने पार्किंग जोइए, ए साचुं. पण झाड जलावुं? पाप लागे!"

"वाल्मिकच," बाहेर पडताना दीपक म्हणाला. "तेजाब त्याच्याच हाताशी."

"उद्या सहाला ये," पल्लवी म्हणाली. "सगळ्यांना बोलाव."

सकाळी सगळे अंगणात जमले.

"तेजाबानं जून पानंही जळाली असती," पल्लवी म्हणाली. "तुळस वाचली नसती. आणि भिंतीपलीकडून टाकलं तर लांबचीच फांदी कशी जळेल?"

तिनं एक शेंडा अलगद वाकवला. त्यावर डासाएवढा किडा होता. डोकं काळं, पाठ लाल, पोट काळं-पांढरं, आणि पाठीवर टोचून ठेवल्यासारखी उभी टाचणी.

"ढेकण्या. कोकणात काजूवर पडतो. सोंड खुपसून कोवळ्या शेंड्यातला रस ओढतो. टोचलं तिथं काळं पडतं."

"पण यंदाच कसा आला?" दीपकनं विचारलं.

तिनं खिडकीतल्या डब्यातला कचरा काडीनं उचलून तळहातावर घेतला. वाळकी लाल पाठ. तिच्यावर तीच टाचणी.

"दरवर्षी येतो. पहाटे सुस्त असतो. नाना सूर्याला पाणी घालत नव्हते, मालतीबाई. किडे वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होते. यंदा वेचणारं कुणी नव्हतं."

कुणी बोट लावायचं नाही. दीपकला कालचं वाक्य आठवलं आणि त्यानं वही मिटली.

मालतीबाई डबा घेऊन आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. परतल्या तेव्हा डब्यात फेस होता.

"वाल्मिक," त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "वरच्या शेंड्यांना माझा हात पुरत नाही रे."

वाल्मिकनं चपला काढल्या, मगच तो झाडाखाली आला.