आतली मूठ

दुपारचं जेवण उरकून ती रिकामी खोकी धुवायला निघाली होती, तेवढ्यात मुकादमानं हाक मारली. "चल गं, साहेब आलेत. तुझ्याच तक्रारीवरून."

साहेब म्हणजे कामगार खात्याचे निरीक्षक. त्यांची वाट पाहून तिचे डोळे शिणले होते. मासळी गोठवायच्या या कारखान्यात तिचा धाकटा भाऊ हमाल होता. शीतखोलीत माल रचताना त्याच्यामागे दार लागलं. आतून उघडायला मूठच नव्हती. असा अडकून मेलेला तो तिथला पहिला नव्हता. सापडला तेव्हा त्याच्या बोटांची कातडी दाराच्या पत्र्याला चिकटलेली होती. तेव्हापासून तिनं एकच धरून ठेवलं होतं : अशा खोल्यांची दारं आतून उघडलीच पाहिजेत, तसा कायदाच व्हायला हवा. ती घरोघर फिरली, लोकांच्या हातापाया पडली. फाटकापाशी सभेला चार माणसं जमायची, तीही मुकादम दिसला की पांगायची.

आता दाराला आतून चकचकीत मूठ दिसत होती. परवाच बसवलेली. बसवणारा फिटर तिच्या कानाशी पुटपुटला होता, "ताई, नुसती शोभेची आहे ती. आत खिटी सरकवणारा दांडाच नाही... माझं नाव घेऊ नका."

"साहेब, मूठ खोटी आहे," ती म्हणाली.

"मग आत जाऊनच बघू की."

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. ती आणि साहेब आत गेले आणि साहेबांनी स्वतःच दार ओढून घेतलं.

बाहेरची यंत्रांची घरघर कुणी गिळून टाकावी तशी नाहीशी झाली. उरला पंख्याचा एकसुरी हुंकार आणि नाकात झोंबणारा अमोनियाचा वास. साहेबांनी मूठ दाबली. ती नुसतीच गरगर फिरली. पुन्हा दाबली. दार ढिम्म.

"हे... हे तर खरंच..." साहेबांचे दात वाजायला लागले. दोन्ही हात त्यांनी काखेत खुपसले.

ती घाबरली होती. पण छातीत दुसरंच काहीतरी उसळत होतं. आता यांना लिहावंच लागेल! तिनं मूठ धरली. "बघा साहेब, नीट बघा..."

तिच्या हातावर एक हात आला. गार. बोटांच्या टोकांना कातडी नसलेला.

खट् झालं आणि दार उघडलं.

"जराशी अडकली होती," बाहेर येऊन हात चोळत साहेब म्हणाले. "तेल घाला तिला. पण उघडतंय की, बाई."

"मुठीनं नाही उघडलं, साहेब! ते त्यानं..."

"कुणी?"

तिनं उघड्या दारातून आत पाहिलं. मुकादमाच्या जिवात जीव आला होता.

संध्याकाळी फाटकापाशी ती एकटीच उभी राहिली. "दार उघडतं म्हणे," एवढंच बोलून एकेक जण मान खाली घालून निघून गेला. त्यातलेच काही उद्या आत माल रचणार होते.

ती परत फिरली. दारात खोकं अडकवून शीतखोलीच्या उंबऱ्यावर थांबली.

"वेड्या, का उघडलंस रे?" तिचा आवाज चिरकला. "राहू द्यायचं होतंस मला आत... उद्या दुसरं कुणी अडकलं तर? त्यांनाही उघडशील?"

समोरच्या अंधारात श्वासाची वाफ तरंगत होती. आपलीच असेल म्हणून तिनं श्वास रोखून धरला.

वाफ येतच राहिली. आणि एकाच ठिकाणाहून नाही.