मोटर बंद करून बघा

माझं विमान धुरपदाबाईंच्या बिबड्यांवर पडलं, म्हणून कुंदा मला भेटली.

तिला जाऊन आता दोन पावसाळे झाले. ती असती तर हे तिनंच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. मला जमेल तसं लिहितो.

१९९२ साल होतं. मी दीपनगरच्या पॉवर हाऊसमध्ये इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचो. माझं गाव शिंदखेड्याकडचं, धुळे जिल्ह्यातलं. कॉलनीत एकटा राहायचो आणि सुटीच्या दिवशी विमानं बनवायचो. हे विमान म्हणजे ग्लायडर होतं. लांब पंख, नाकावर बोटभर मोटर आणि तिचा पंखा, पोटात सेल आणि माझ्या हातात रिमोट. एप्रिलातल्या एका संध्याकाळी सेल संपले, ग्लायडर कॉलनीच्या कुंपणापलीकडे गेला आणि शेजारच्या गावातल्या तोताराम भाऊंच्या गच्चीवर उतरला. तिथं लुगड्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत होते.

मी दारात पोचलो तेव्हा वरून आवाज आला, "कोन रे भो तू? सारे बिबडे मोडले रे बापा!"

त्या धुरपदाबाई, तोताराम भाऊंची बहीण. त्यांच्या मागून भाऊंची मुलगी, कुंदा, जिना उतरली. ग्लायडर तिनं दोन्ही हातांवर आडवा धरला होता, पंख कुठंही टेकू न देता. पंख कसा धरायचा हे आमच्या सेक्शनमधल्या एकालाही कधी कळलं नव्हतं.

"आत्या, चारच मोडले," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून – "किती वेळ उडतं हे?"

"चार मिनिटं."

"आणि मग?"

"सेल संपतात. मग पडतं."

"ग्लायडर ना हा? मग पडतो कसा? मोटर बंद करून बघा."

"बंद? हवेत असताना?"

"नाही तर काय, माझ्या हातात असताना?"

ती भुसावळला बी.एस्सी.ला होती, शेवटच्या वर्षाला. पण हे सांगायला बी.एस्सी. लागत नव्हती. मलाच ते सुचलं नव्हतं. पॉवर हाऊसच्या माणसाला सुचत नाही. वीज बनवणारा चालता सेट बंद पडला की आमच्याकडे भोंगा वाजतो, साहेब घरून धावत येतात, आठवडाभर चौकशी चालते. चालती मोटर आपल्या हातानं बंद करायची, हे आमच्या बोटांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली. सोबत धुरपदाबाई होत्याच, अडकित्ता आणि सुपारी घेऊन. मी विमान वर चढवलं.

"आता करा बंद."

"करतो... थोडं वर जाऊ दे."

"घाबरता का?"

मी बटण सोडलं. आवाज थांबला. ग्लायडर तरंगला, पण थोडाच वेळ, मग जड होऊन खाली आला. कुंदा पळत गेली आणि घेऊन आली.

"मोटर बंद होती ना? मग खाली येताना पंखा कशाला गरगरत होता?"

"वाऱ्यानं."

"म्हणजे तो वारा अडवतोय." तिनं विमान हातावर तोललं. "आणि हे एवढं जड का? आत काय भरलंय?"

मी झाकण काढून दाखवलं. तिनं सेलच्या दोन जुड्या बघितल्या.

"ही दुसरी बॅटरी कशाला?"

"स्टँडबाय. आमच्याकडे प्रत्येक पंपाला एक जादा पंप असतो. एक बंद पडला तर..."

"ही कधी वापरलीत?"

"अजून नाही. हवेत असताना तार बदलता येत नाही."

ती इतकी हसली की धुरपदाबाईंचा अडकित्ता थांबला. मला राग यायला हवा होता. मी नुसता बघत राहिलो.

पुढचे काही दिवस आम्ही त्या ग्लायडरवर काम केलं, म्हणजे त्यांच्या ओट्यावर, आत्याच्या नजरेसमोर. दुसरी बॅटरी तिनं पहिल्याच दिवशी काढून बाजूला ठेवली. मी पंख्याची दोन्ही पाती मुळाशी कापून पिनवर बसवली. मोटर फिरली की पाती उघडायची आणि थांबली की वाऱ्यानं मागे मिटायची. पंखांवर मी खोकी बांधायची जाड चिकटपट्टी लावली होती. ती तिनं सोलून काढली आणि गव्हाच्या पिठाची खळ करून पतंगाचा कागद लावला. पहिला पंख वाळला आणि वाकडा झाला. तिनं तो उलटसुलट करून बघितला.

"एका बाजूनंच वाळला. बिबड्याचंही असंच होतं, ऊन एकीकडून लागलं की मुरडतो." तिनं कागद पुन्हा काढला, दोन्ही बाजूंनी एकदमच लावला आणि पंख सावलीत, कडांना वजन ठेवून वाळवला. तो सरळ निघाला, टकटक वाजेल असा ताठ. तराजूत ग्लायडर आधीपेक्षा दोन केळ्यांनी हलका भरला.

त्याच दिवशी, बोटांची खळ पुसता पुसता ती म्हणाली, "आखाजी झाली की रावेरकडचे लोक येणार आहेत. मला बघायला."

"मुलगा... चांगला आहे?"

"केळीचे बाग आहेत. स्वभाव माहीत नाही." मग हळूच, "तुमच्याकडे? मुलीही दोन-दोन ठेवता का, स्टँडबाय?"

"नाही," मी म्हणालो. "एकच."

"कोण?"

धुरपदाबाई खाकरल्या. मी पिना मोजू लागलो.

मला रात्रंदिवस एकच कळत होतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बोललो नाही तर ती रावेरला जाईल. आणि बोललो तर तोताराम भाऊ विचारतील, तू कोण? त्यांची आमची सोयरीक होत नव्हती. बोली वेगळी, पंगत वेगळी.

आखाजी आली. गावात मुली झोक्यावर होत्या, पुरुष मंडळी लिंबाखाली पत्ते खेळत बसली होती. तोताराम भाऊ त्यांच्यातच होते. शेजारी त्यांचं नांगरून टाकलेलं काळं शेत होतं. दुपारचं ऊन त्या ढेकळांवर असं पडलं होतं की पलीकडची झाडं हलताना दिसत होती. शेताच्या वर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या.

"तिथं न्या," झोक्यावरून उतरून आलेली कुंदा म्हणाली. "त्या फुकट वर जातायत."

मी ग्लायडर घारींखाली नेला आणि मोटर बंद केली. पाती मिटली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक पंख कोणीतरी खालून उचलावा तसा उचलला गेला. मी तिकडेच वळवलं. ग्लायडर गोल फिरत वर जायला लागला. मोटर नाही, आवाज नाही. वरच.

"चढी ऱ्हायनं शे!" मी गावाकडच्या बोलीत ओरडलो, चढतंय म्हणून.

"काय शे?" ती हसली. ती पण वरच बघत होती. हातानं उन्हाला आडोसा केला होता, मनगटापर्यंत मेंदी होती. एवढंच मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. नजर काढली असती तर विमान गेलं असतं.

ते तिला माहीत होतं. "आता तुम्हाला वर बघावंच लागेल," ती म्हणाली. "म्हणून आत्ताच बोलते. माझ्याकडे बघाल तर मला बोलता येणार नाही... रावेरला मी 'नाही' सांगणार आहे. घरी विचारतील, का. काय सांगू?"

मी ग्लायडरला आणखी एक गोल दिला. "माझं नाव सांगा."

"मीच सांगू? तुम्ही नाही?"

तेवढ्यात पत्ते टाकून मंडळी आमच्याकडे आली. पुढे तोताराम भाऊ. "काय हो हिलाल, मोटर बंद म्हणता, मग हे पडत काहून नाही?"

"भाऊ," मी वर बघतच म्हणालो, "मला तुमच्या कुंदाशी लग्न करायचंय."

मग भाऊंचा आवाज आला, थंड. "माह्याकडे बघून बोल."

"बघितलं तर विमान जाईल."

"जाऊ दे."

मी रिमोट कुंदाच्या हातात दिला आणि वळलो. तोताराम भाऊंच्या डोळ्यांत बघून तेच वाक्य पुन्हा म्हणालो. विमान आता पडेल असं मनाशी धरलं होतं. पडलं नाही. भाऊंची नजर माझ्यावरून वर गेली, मग मुलीवर आली. ती ओठ आवळून, दोन्ही अंगठे अलगद हलवत, आभाळात गोल घेत होती. तिनं याआधी रिमोटला हात लावला नव्हता. रोज फक्त माझे अंगठे बघितले होते.

"हे विमान ही चालवते?" भाऊ म्हणाले.

"हो."

"कुंदा, ते खाली उतरव. मग बोलू."

"आधी बोला, बाबा. मग उतरवते."

"लोक काय म्हणतील?"

"लोक वर बघतायत."

धुरपदाबाई पुढे आल्या. "अरे तोताराम, बोल ना रे बापा! पोरीचे हात दुखू रायले."

भाऊ माझ्याकडे वळले. "ती पुढे शिकीन म्हणते, नोकरी करीन म्हणते. तुमच्या घरी चालेल?"

"तिनं माझी दुसरी बॅटरी काढून टाकली, भाऊ. मला विचारलंसुद्धा नाही. मी काय चालू देणार आणि काय नाही?"

पत्तेवाल्यांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. भाऊंनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा वर बघितलं. ग्लायडर घारींच्याही वर गेला होता.

"परीक्षेचा निकाल लागू दे," ते शेवटी म्हणाले. "मग तुझ्या वडिलांना घेऊन ये." आणि मागे वळून, जरा जोरात, "रावेरवाल्यांना मी कळवतो!"

मंडळी बोलत बोलत लिंबाकडे निघाली. कुंदा तशीच उभी होती, मान वर, कपाळावर घाम. मी जवळ गेलो. तिनं वरची नजर न काढता, ओठ न हलवता विचारलं –

"अहो... आता हे खाली कसं आणायचं?"

मी तिच्या मागे उभा राहिलो, आणि सगळ्या गावासमोर तिच्या अंगठ्यांवर माझे अंगठे ठेवले.