आधी रेघ, मग चुना

पाणी येऊन गेले हे कसे ओळखायचे? चिखल असला तर ओळखता येते. भिंतीवर ओल असली तरी येते. पण घर धुऊन-पुसून, वर चुन्याचे दोन हात मारून लख्ख केले असेल तर?

हा प्रश्न सावनी खवणेकरला पडला नव्हता. तो पडला पंचनाम्याला.

पंचनाम्या म्हणजे विमा कंपनीचा पाहणी करणारा रोबो. त्याचे खरे नाव एक लांबलचक आकडा होता, तेव्हा पाटवेळच्या पोरांनी त्याचे परस्पर बारसे केले होते. गुडघ्याएवढी उंची, वाळूत न रुतणारी सहा चाके, मानेवर एक दिवा. बोलणे अगदी पुस्तकी आणि वागणे इतके अदबशीर, की त्याच्यावर रागावायचीही सोय नाही. तो ओटीवर चढला, चारही भिंतींवर दिवा फिरवला आणि म्हणाला, "क्षमस्व. मला येथे पाण्याची खूण दिसत नाही. आपल्या घरात पूर आला होता का?"

सावनीच्या आईला हसावे की रडावे तेच कळेना. तीन आठवडेही झाले नव्हते. नारळी पौर्णिमा झाली आणि पाठोपाठ वादळ आले. पूर्वी म्हणे वादळे वैशाखात यायची, नाहीतर दिवाळीच्या आसपास. आता समुद्रच तापून बसलेला, त्याला श्रावणही वर्ज्य नाही. पाटवेळ म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या रात्री पाऊस कोसळत होता, खाडी फुगली होती, समुद्र उसळत होता. सगळे सड्यावरच्या (उंच कातळमाळावरच्या) शाळेत जाऊन बसले. सकाळी परतले तेव्हा पाणी ओसरले होते. घरात चिखल होता आणि पश्चिमेच्या भिंतीखालचा पाया पाण्याने पोखरून नेला होता.

आणि चवथ तोंडावर आलेली. कोकणात गणपती यायच्या आधी घराला रंग लागला नाही असे होत नाही. लोक कर्ज काढतील, उपाशी राहतील, पण भिंत काळी ठेवणार नाहीत. आईने आल्या दिवशीच चिखल उपसला, भिंती घासल्या आणि चुना फासला. ती एकटीच नव्हे, सगळ्या वाडीने तेच केले. पुराने भिंतीवर लिहिलेला पुरावा त्यांनी आपल्या हातांनी पुसला, आणि तोही भक्तिभावाने.

"चवथ तोंडार इली. बाप्पाक काय चिखलात बसवतलंय?" आई रोबोला म्हणाली. पंचनाम्याने तेवढ्याच अदबीने सांगितले, की खूण नसेल तर पुराची नोंद करता येत नाही. खाडीवरचा साकव (लहान पूल) भरतीच्या पाण्याखाली जाण्याआधी, म्हणजे संध्याकाळपर्यंत, तो वाडीत आहे.

विमा मिळाला तर घराला नवा पाया मिळणार होता. नाही मिळाला तर चवथीनंतर घराला कुलूप. पाया दुरुस्त नसलेल्या घरात राहायला सरकारी बंदी होती आणि सड्यावर पत्र्याच्या खोल्या बांधून तयार होत्या. सावनीचे बाबा दूरच्या जहाजावर होते, सहा महिने तरी येणार नव्हते. घर वाचवायचे ते आईने, सावनीने आणि आजोंनी.

आजो म्हणजे आईचे वडील, डॉक्टर यशवंत मेथर. डॉक्टर, पण औषध देणारे नव्हेत. समुद्राच्या तळाचा गाळ तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. ते आपल्या जुन्या खुर्चीत बसून सगळे ऐकत होते. आता ते उठले, आणि सावनीला त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक दिसली. आजोंना काही समजावून सांगायची संधी मिळाली, की त्यांचे वय दहा वर्षांनी उतरायचे.

त्यांनी आईचा सुकटीचा पंखा मागवला. मासे वाळवायला वापरतात तो, गरम वारा सोडणारा. तो भिंतीसमोर ठेवला आणि ते सावनीला सांगू लागले. भिंत वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असते. गिलाव्यात केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्यांतून पाणी आपोआप सरकत राहते. याला केशाकर्षण (बारीक नळीतून पाणी आपोआप चढणे) म्हणतात. दिव्याची वात तेल ओढते ना, तसेच. वारा लागला की हे पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून जाते. पण त्यात विरघळलेले क्षार उडू शकत नाहीत. ते तिथेच, चुन्याच्या अंगावर, पांढऱ्या बुरशीसारखे उमलतात.

"म्हणजे लोणा," सावनी म्हणाली. लोणा कोणाला माहीत नाही? पाटवेळच्या प्रत्येक भिंतीला तो दरसाल लागतो.

आजो म्हणाले की बरोबर, पण नेहमीची ओल जमिनीतून वर चढते आणि तिची कड वेडीवाकडी असते. साचलेले पाणी मात्र सगळीकडे एकाच पातळीत उभे राहते. त्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ येणार, या खोलीत आणि त्या खोलीतही.

दुपार कलली आणि भिंत बोलू लागली. सावनीच्या छातीएवढ्या उंचीवर आधी खरखरीत ठिपके आले, मग ते एकमेकांना मिळाले. माजघरात, ओटीवर, देवाच्या खोलीत तीच रेघ, त्याच उंचीवर. पंचनाम्या फिरून परत आला, त्याने रेघ मोजली आणि म्हणाला, "पुराची खूण आढळली. नोंद केली. पाण्याचा प्रकार कळू शकल्यास उत्तम. न कळल्यास 'अनिश्चित' असे लिहीन."

इथे कोणीतरी आजोंना खुर्चीत बसवायला हवे होते. पण आई विहिरीवर गेली होती, आणि विद्वान माणसाला अर्ध्यावर थांबवणे देवालाही जमत नाही.

"कळतला तर," आजो म्हणाले. त्यांनी रेघेखालचा चिमूटभर गिलावा खरवडला, पाण्यात ढवळला आणि एक थेंब काचपट्टीवर ठेवून आपला सूक्ष्मदर्शक (डोळ्यांना न दिसणारे मोठे करून दाखवणारे यंत्र) पुढे ओढला. ते सांगू लागले, की प्रत्येक पाण्यात डायाटम (काचेसारखे कवच असलेले शेवाळाच्या जातीचे एकपेशीय जीव) असतात. जीव मरतो, पण कवच राहते. चुना फासला तरी ते गिलाव्यात अडकून बसते. गोड्या पाण्यातली कवचे बहुतेक होडीसारखी लांबट असतात. भर समुद्रातली बहुतेक वाटोळी. "आता तू बघ आणि सांग, पाणी खयचा?"

सावनीने डोळा लावला. पहिल्यांदा नुसती धूळ दिसली. मग काच फिरवता फिरवता एकदम एक चकती उजळली, तिच्यावर नक्षीची भोके, जणू कोणी काचेची चाळण बनवली आहे. मग दुसरी. मग कितीतरी. इतके सुंदर काही तिने आजवर पाहिले नव्हते.

"सगळी वाटोळी," ती म्हणाली. "आजो, ह्या समुद्राचा पाणी!"

"शाब्बास," आजो म्हणाले.

"नोंद केली," पंचनाम्या म्हणाला. "प्रकार : समुद्राचे उधाण. या घराच्या विम्यात उधाण-जोड नाही. दावा नामंजूर. मला खेद आहे."

दारात घागर आदळली. आई उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

आजोंनी पंखा बंद केला. उधाण-जोड म्हणजे काय ते त्यांनी विचारले आणि आईने तुटक तुटक सांगितले. निळ्या पट्ट्यात (नकाशावर पुराचा धोका म्हणून रंगवलेल्या जागेत) घरासाठी कर्ज घ्यायचे तर पूरविमा सक्तीचा होता. तो तिने काढला. त्यात पावसाचे आणि खाडीचे पाणी धरलेले होते. समुद्र चढून आला तर त्यासाठी उधाण-जोड, तो वेगळा विमा. तो घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

"मग घेतलंस कित्याक नाय?" आजोंचा आवाज फाटला होता.

"दरवर्साक त्याका नारळ देतंव," आई म्हणाली. "ज्याका नारळ दिलो, त्याच्याच विरुद्ध कागद करूचो?"

चार पिढ्या समुद्र उंबऱ्याबाहेर थांबला होता, आणि तो शब्द पाळतो अशी तिची समजूत होती. त्याने शब्द कधी दिलाच नव्हता.

सावनी मागच्या अंगणात माडाला टेकून रडत बसली. लांबट म्हटले असते तर? निदान कळत नाही म्हटले असते तर? रोबोने 'अनिश्चित' लिहिले असते आणि अनिश्चित असेल तर निम्मी भरपाई मिळते, हे तिला आता आईकडून कळले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिने एवढे अवघड उत्तर बरोबर दिले होते आणि त्याने घर गेले.

आजो तिच्याजवळ येऊन वाळूत बसले. "तुजी चूक नाय. पुढ्यात कोण ऐकता, ता मी बघूक होया होता," एवढेच ते म्हणाले.

सावनीने विचारले, की पाणी ते पाणी, मग समुद्राचे वेगळे का धरतात? आजोंनी किनाऱ्याकडे बोट केले. तिथे रापण ओढत होते. रापण म्हणजे सगळ्या वाडीचे एकच मोठे जाळे. दोरीला पन्नास माणसे लागतात आणि मासळीचे वाटे होतात. एखादा आजारी पडला तरी त्याच्या घरी वाटा पोचतो, कारण बाकीचे ओढत असतात. विमा म्हणजे हेच, आजो म्हणाले. पुष्कळांनी ओढायचे आणि पडलेल्याला वाटा द्यायचा. पण एके दिवशी पन्नासच्या पन्नास आजारी पडले तर? ओढणार कोण? पावसाने एखादी खाडी फुगते, तेव्हा बाकीची गावे कोरडी असतात. समुद्र चढतो तेव्हा सगळा किनारा एका रात्रीत बुडतो. म्हणून उधाणाच्या दोरीला लांबची माणसे लागतात, घाटावरची, दुसऱ्या किनाऱ्यावरची, ज्यांच्याकडे त्या रात्री वादळ नसेल. अशी रापण मोठी करावी लागते. आपण तिच्या दोरीला हात लावला नाही, तर वाटा कसा येणार?

सावनीला सगळे समजले. समजल्याने रडू थांबले नाही.

तेवढ्यात शेजारच्या बायजाकाकींचा आवाज आला. पंचनाम्या त्यांच्या ओटीवर होता आणि काकी त्याला हात जोडत होत्या. काकी एकट्या राहत. त्यांच्या मुलाने गोव्याहून त्यांच्या घराचा विमा उधाण-जोडीसकट काढून ठेवला होता. पण भिंती पांढऱ्याफटक. रोबो म्हणत होता की खूण नाही, सबब पूर नाही. खाडीचे पाणी साकवाला टेकायला आले होते.

सावनी जागची हलली नाही. तिला पुन्हा कोणाच्याही भिंतीत डोकवायचे नव्हते.

आई मागच्या दारातून आली. तिच्या हातात सुकटीचा पंखा होता. तिने तो सावनीपुढे ठेवला.

"घेवन जा," ती म्हणाली. "आमचा गेला. तिचा कित्याक जाया?"

काकींच्या भिंतीवर रेघ उमटायला वेळ लागला, पण पंचनाम्या साकवाकडे वळायच्या आत ती उमटली. आजोंनी सूक्ष्मदर्शक आणून ठेवला आणि गिलावा खरवडला. सावनीने डोळा लावण्याआधी रोबोला विचारले, की या घरात उधाण-जोड आहे ना. तो म्हणाला, आहे. मग तिने काच फिरवली. तीच चाळण, तीच नक्षी.

"वाटोळी," ती म्हणाली. "समुद्रातली."

"नोंद केली," पंचनाम्या म्हणाला. "दावा मंजूर."

काकींनी तिला पोटाशी धरले, तेव्हा सावनीला आनंद झाला आणि आपल्या घराचे दुःखही तितकेच झाले.

चवथीला गणपती त्याच घरात बसला. आईने भिंतीला पुन्हा चुना लावला नाही. बाप्पाच्या डोक्यामागून ती खारट रेघ सरळ गेली होती आणि आरतीच्या वेळी सगळे तिच्याकडेच बघत होते. विसर्जन झाले, दाराला कुलूप लागले आणि सामान सड्यावर गेले.

पत्र्याच्या खोलीतून समुद्र दिसतो. आजो अजून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या वाड्यांना फोन करत असतात. त्या मोठ्या रापणीत पाटवेळचा एकेक उंबरा यावा, म्हणून त्यांची खटपट चालू आहे. जमेल की नाही ते त्यांनाही माहीत नाही. पण खाली वाडीत एक गोष्ट बदलली. परवाच्या वादळानंतर बायका घरी परतल्या, तेव्हा चिखलाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकीने चुलीतला कोळसा घेतला, पाण्याच्या कडेने रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. त्यांना हे सावनीने शिकवले होते. आधी रेघ, मग चुना.

त्या दिवशी ती आपल्या बंद घरातही गेली. चुन्यावर जुनी रेघ होती. या वेळचे पाणी त्या रेघेच्याही चार बोटे वर चढले होते. तिथे तिने कोळशाने नवी ओढली.